तुला ऐकू येतंय का?

दुपारपासून पाणी वाहत होतं. म्हणजे मला ऐकू येत होतं. माझ्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आधीच सांगून टाकते. मी रस्त्यावर राहायचे तेव्हा खांब, भिंती, बंद दुकानांची शटरं, सगळी माझ्याशी बोलायची. मग मनोरुग्णालयातला वॉर्ड, मग गोळ्या, आणि आता संस्थेने घेऊन दिलेली ही भाड्याची जागा. मी आणि मावशी. मावशी काही सख्खी नाही, तीही रस्त्यावरचीच. संस्थेच्या ताई रोज संध्याकाळी येऊन बघून जातात.

आमचा एक नियम आहे. आवाज आला तर त्याच्या मागे जायचं नाही, दुसरीला विचारायचं. ती नाही म्हणाली की विषय संपला.

"मावशी, पाणी ऐकू येतंय का ग?"

"नाही ग." तिने भाजीवरून मान वर केली नाही.

आवाज परत आलेत म्हटल्यावर ताई मला वॉर्डात नेणार. तिथली कडी बाहेरून असते. इथली आतून आहे, रोज मीच लावते. त्या कडीपायी मी कानात बोळे घालून बटाटे सोलत बसले. सोलता सोलता बटाटा निम्मा झाला.

मग दार वाजलं. "उघडा," पुरुषाचा आवाज.

"मावशी, दार?"

"नाही ग." पण तिने सुरी खाली ठेवली.

दार दणदणायला लागलं. माणूस खरा असेल तर पंचाईत, खोटा असेल तर त्याहून मोठी. शेवटी मी कडी काढली.

खालच्या मजल्यावरचे काका होते, हातात कप.

"काका, तुम्हाला पाणी ऐकू येतंय का?"

"ऐकू कसलं? माझ्या चहात पडतंय, बाई."

मी धावत जाऊन बाथरूम उघडलं. बादली भरून वाहत होती, मोरी तुंबली होती. नळ बंद केला आणि आवाज थांबला. मी तिथेच ओल्यात बसले.

"काका, आम्हाला इथून घालवणार का आता?"

"नळ उघडा राहिला म्हणून? मग अख्खी बिल्डिंग रिकामी होईल," काका म्हणाले आणि कप घेऊन खाली गेले.

माझं डोकं फिरलं होतं. "मावशी, खोटं का बोललीस ग?"

"मला रोजच काहीबाही ऐकू येतं," मावशी रडायला लागली. "वॉर्डात नेतील म्हणून सांगितलं नाही. पाणीही माझंच वाटलं. खरं काय, खोटं काय, मला कुठे कळतं? म्हणून सगळ्याला नाही म्हणते."

म्हणजे इतके दिवस मी हिच्या 'नाही'वर निवांत झोपत होते.

"ताईंना सांगशील?"

ताईंची यायची वेळ झालीच होती. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

"पावलं ऐकू येतात का ग?" आजवर तिने मला कधीच विचारलं नव्हतं.

"येतात," मी म्हणाले, आणि तिचा हात न सोडता दाराकडे गेले.