हाताखालचं हसू

शिवणवालीने चष्मा पदराला पुसला, चित्राजवळ जाऊन निरखून पाहिलं आणि म्हणाली,

"ताई, हा हात काढा."

चित्रकार बाईंचा ब्रश हवेतच राहिला. चित्रात शिवणवाली हसत होती, उजवा पंजा तोंडावर. खालच्या मजल्यावर कपडे उसवता-शिवताना ती गिऱ्हाइकांना हसवण्यात भलती उधळी. स्वतःचं हसू मात्र कायम कुलपात. हसू आलं की हात आपसूक वर.

"तुम्ही अशाच हसता."

"हसते. पण हे आईला पाठवायचंय. इकडे आल्यापासून तिनं मला पाहिलेलं नाही. फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणते मी."

"इतकी वर्षं?"

"चांगलाच बिघडलाय. पण आता हा हात बघून म्हणेल, कार्टी लपवतेय काय?"

"काढते. पण हाताखाली काय आहे ते मी पाहिलेलं नाही."

शिवणवाली पुन्हा समोर येऊन बसली. मग हात मांडीवर ठेवला आणि ओठ उघडले. वरचे पुढचे दोन दात नव्हते. ओठावर एक पांढरी रेघ होती. ज्याच्या मागोमाग ती या देशात आली, त्याच्या हातची ही एवढीच कमाई. त्याचा संग सुटला, रेघ राहिली.

पाहणं हाच धंदा असल्यामुळे बाईंनी नजर वळवली नाही.

"म्हणत असाल तर दोन दात मी बसवते. आ करा म्हणणार नाही."

शिवणवाली हसली. हात अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला.

"सरळ बसवाल?"

"एकदम."

"माझा एक वाकडा होता. आई चिडवायची त्यावरून. सरळ पाहिला तर विचारेल, ही कोणाची पोर?"

"मग वाकडा काढते."

"खोटा वाकडा?" तिने मान हलवली. "राहू द्या. आहे तसं काढा."

"आई विचारेल."

"विचारेलच. चित्रातून कळायच्या आधी माझ्याकडून कळू दे. आलेच मी."

फोन घेऊन ती जिन्यात गेली. दार नीट लागलं नव्हतं. आधी आईचे गुडघे झाले, मग शेजारणीची सून झाली. मग, "आई, जरा ऐकतेस का," आणि आवाज एकदम खाली गेला.

बाईंनी तपकिरीत थोडा निळा मिसळला. दातांच्या जागी तो गडद रंग लागणार होता. ब्रश त्यांनी टेकवला नाही.

"नाही गं, आता नाही दुखत," जिन्यातून ऐकू आलं. बऱ्याच वेळाने पुन्हा, "रडू नकोस ना. चित्रात हसतेय मी."