मधली शिवण

गेले तीन आठवडे घरात दोन पक्ष पडले होते. एक 'हंस' कंपनीचा, दुसरा 'नोव्हेटा'चा. हंसचे पुढारी होते घरचे यजमान. चाळीस वर्षं लोकांचे विजेचे मीटर तपासून निवृत्त झाले होते, त्यामुळे गल्लीत त्यांना मीटरसाहेब म्हणत. नोव्हेटाच्या पुढारी त्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे वन्सं. त्यांच्याकडे नोव्हेटाचं शिलाई मशीन होतं आणि त्यावर आजवर दोन उशांचे अभ्रे शिवून झाले होते. तरी बोलायच्या अशा, की कारखाना त्यांनीच काढलाय. आता ज्या बाईसाठी, म्हणजे साहेबांच्या बायकोसाठी, नवीन मशीन घ्यायचं, ती कुठल्या पक्षात होती? कुठल्याच नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

विचारून तरी काय उपयोग होता म्हणा! सोफा हा घेऊ? चालेल. पडदे शेवाळी रंगाचे? चालेल. चष्म्याची फ्रेमसुद्धा वन्संनी निवडली आणि तीही चालली. माणसं तिला तोंडावर चालेलकाकू म्हणायची, आणि यालाही तिची हरकत नव्हती.

या खेपेला मात्र काकूंच्या जिवाला घोर लागला होता. कपाटाच्या खालच्या फळीवर त्यांच्या सात गोधड्या अर्धवट पडून होत्या. दोन-दोन बोटांची ठिगळं जोडून वरचा पदर तयार व्हायचा, अगदी दृष्ट लागावी असा. पण खाली कापूस आणि अस्तर घालून तिन्ही थर एकत्र शिवायला घेतले, की जुनं मशीन हात टेकायचं. कडेकडेनं वीतभर शिवून व्हायचं. मधोमध जायचं तर अर्ध्या गोधडीची गुंडाळी करून ती मशीनच्या हाताखालून, सुई आणि खांबामधल्या पोकळीतून, पलीकडे सरकवावी लागते, आणि तिथे टॉवेलची गुंडाळी जेमतेम मावायची. काकू मुकाट्यानं उसवायच्या, घडी घालायच्या आणि नवी गोधडी सुरू करायच्या. असं सात वेळा झालं. आता जुन्या मशीननं मान टाकली होती. नवीन येणार ते शेवटचंच. त्यात फसगत झाली तर सातही गोधड्या कपाटातच राहणार होत्या.

शनिवारी सकाळी तिघं दुकानात निघाली. काकूंनी सगळ्यात मोठी गोधडी धावदोऱ्यानं टाचून, चादरीत बांधून बरोबर घेतली.

"हे गाठोडं कशाला? लॉन्ड्रीत टाकायचंय का?" साहेबांनी विचारलं.

"असू दे हो."

दुकानातला विक्रेता मोठा बोलघेवडा होता. साहेबांनी वही उघडली. वजन, आवाज, वीज, हमी असे चौदा रकाने त्यांनी आखून आणले होते. विक्रेत्यानं हंसखाली कापडाचा चौकोन सरकवला आणि बटण दाबलं. "दोनशे चाळीस प्रकारचे टाके, मॅडम! हे बघा." कापडावर बदकांची रांग उमटली. मग नोव्हेटानं सशांची रांग काढून दाखवली आणि वर वन्संचं नावही लिहून दिलं. वन्सं विरघळल्याच.

काकूंनी तो चौकोन चिमटीत धरून पाहिला. खळ घालून पुठ्ठ्यासारखा कडक केला होता. असल्या कापडावर तर मीसुद्धा डोळे मिटून सरळ शिवीन, असं त्यांच्या मनात आलं.

"मग हंस ना?" साहेब म्हणाले.

"नोव्हेटा!" वन्सं म्हणाल्या.

दोघंही काकूंकडे वळले. मत विचारायला नव्हे, होकार घ्यायला.

होकार ओठांवर आलाच होता. काकूंनी तो गिळला, गाठोडं सोडलं आणि गोधडीची गुंडाळी हंसच्या हाताखाली कोंबली. ती निम्म्यावर अडली. नोव्हेटाखाली तर तोंडच शिरेना.

"मॅडम, मॅडम! ही घरगुती मॉडेलं आहेत!"

"गोधडीपण घरगुतीच आहे," काकू म्हणाल्या. "ही दोन्ही चालणार नाहीत."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. वन्सं भावजयीकडे अशा बघायला लागल्या, की ही बाई आपल्याबरोबर आलीच कधी?

मागच्या कोपऱ्यात मशीन दुरुस्त करणारी बाई खुदकन हसली. कानामागे स्क्रू-ड्रायव्हर, हात तेलानं माखलेले. "ताई, तुम्हाला शिवायचंय काय?"

तीन आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. काकूंना एकदम भरून आलं. "मोठ्या गोधड्या," त्या म्हणाल्या. "मधोमध शिवायच्यात."

"मग इकडे या. गिऱ्हाईक टाके मोजतं, मशीनच्या पोटातली जागा कुणी मोजत नाही." तिनं एका राखाडी, लांबोड्या मशीनवरची धूळ पुसली. कंपनीचं नाव तिघांपैकी कुणीच ऐकलेलं नव्हतं. "नुसता सरळ टाका मारतं हं. बदकं येत नाहीत."

"बदकं नकोतच मला."

काकूंनी वीत लावली. सुईपासून खांबापर्यंत वीत आणि वर चार बोटं. गुंडाळी आत सहज गेली. काकू खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, ते टोक उचला. वन्सं, तुम्ही डावीकडून. ओढायचं नाही, नुसतं धरायचं."

दोघांनी निमूटपणे धरलं. काकूंनी पायडल दाबलं. टाका सरसर पुढे निघाला. दर वेळी घोडं अडायचं ती जागा आली आणि मागेही पडली. सुई या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचली. काकूंना हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. दोन्ही आवरेना.

साहेब हातातली गोधडी बघत होते. आजवर त्यांनी ती उलगडलेली पाहिलीच नव्हती. सवयीनं त्यांनी एका ओळीतली ठिगळं मोजली, मग पुन्हा मोजली. एकही कोपरा चुकलेला नव्हता.

"हे केलंस कधी तू?"

"तुम्ही बातम्या बघायचात, तेव्हा."

"आणखी आहेत?"

"सहा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग बटणं घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी सांगितलं, "हे आमच्या मंडळींनी केलंय." गृहस्थ मान डोलावतात तोवर तेच विक्रेत्याला सांगून झालं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा हातातलं टोक सोडून ते थेट दुकानाच्या दारात गेले आणि फुटपाथवरच्या लोकांना सांगायला लागले, "जरा आत येऊन बघा तरी! असल्या अजून सहा आहेत घरी!"

काकूंनी त्यांना थांबवलं नाही. "वन्सं," त्या म्हणाल्या, "त्यांचं टोकपण आता तुम्हीच धरा," आणि त्यांनी शेजारची दुसरी ओळ शिवायला घेतली.