म्हातारी पुन्हा विचारत नाही

पायलनं आईच्या हातात फोन दिला. "खेळून बघ. यातली माणसं मी बोलती केलीत."

पायल पुण्यात एका कंपनीत गेमसाठी संवाद लिहिते. आक्काताईला त्यातलं एवढंच कळलं होतं, की लेकीला बोलायचा पगार मिळतो. म्हणूनच घरी आली की फुकट बोलत नसावी.

गेममध्ये एक वाटसरू बाई होती. तिनं कुठं जायचं, कोणाला काय उत्तर द्यायचं, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. आक्काताईनं तिला कुत्र्यांना चुकवत एका दारात आणलं. दारातली म्हातारी म्हणाली, "दमलीस गं. आत ये, भाकरी खाऊन जा." खाली दोन उत्तरं आली, 'येते' आणि 'नको'.

आक्काताईनं 'नको' दाबलं.

म्हातारीनं मान हलवली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

"आगं, ही गेली की!"

"तूच नको म्हणालीस."

"पयल्यांदा नकोच म्हणत्यात! लगीच हो म्हणायला मी काय उपाशी हाय व्हय? तिनं हाताला धरून बसवायचं की."

"आई, ती आता दार उघडणार नाही. पुढची वाट तिलाच ठाऊक होती." पायल हसायला लागली. "गेममध्ये उत्तर दिलं की दिलं."

"लय तोऱ्याची हाय तुजी म्हातारी."

आक्काताईही हसली, पण मधेच थांबली. गेल्या बुद्धपौर्णिमेला इथंच, कोरेगावच्या याच ओट्यावर, पायलनं विचारलं होतं, "दोन खोल्या घेतल्यात भाड्यानं. येतेस का माझ्याकडं राहायला?"

"नको बाई, मला कशाला तिथं," आक्काताई म्हणाली होती. आणि कुठल्या साड्या न्यायच्या, घराची किल्ली शेजारच्या बनुबाईकडं ठेवायची का, हे मनात ठरवायलाही लागली होती. पायल "बरं" म्हणाली. महिन्याभरात दुसऱ्या खोलीत तिची मैत्रीण अर्फा राहायला आली.

"अर्फा बरी हाय न्हवं?"

"मस्त आहे. का गं?"

"काय न्हाई. आसंच."

पायलचं डोकं गेममध्येच होतं. "तुझं खरंय, आई. आपल्याकडची म्हातारी एकदा विचारून गप्प बसायची नाही. बदलते मी तिला."

आणि बदललं तिनं. काही दिवसांनी आक्काताईच्या फोनवर बदललेला गेम आला. आता 'नको' म्हटलं की म्हातारी म्हणते, "नको काय नको? तव्यावर टाकलीय." तरी नको म्हटलं तर खांद्यावरची पिशवीच काढून घेते. आक्काताई रोज दुपारी तिच्या दारात जाते, दोनदा नको म्हणते, मग बसते.

पायलचा फोन आला. "आता बरोबर विचारते का गं ती?"

"व्हय. लय मायेनं इचारती."

पलीकडं भांडी वाजली, अर्फा कशाला तरी हसली.

"ठेवू का, आई?"

"ठेव की," आक्काताई म्हणाली.

पायलनं फोन ठेवला.