अस्तर लावलेले खिसे

आमच्या ह्यांनी शिलाईचं दुकान बंद केलं तेव्हा म्हणाले, आता शिवून घालतंय कोण, सगळे तयार कपडे घेतात. साफ खोटं. कारण होतं उजवा हात. तो थरथरायला लागला होता. मला दिसत होतं, गिऱ्हाइकांना दिसत होतं, पण बोलायची सोय नव्हती. विषय काढला की हे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपणार. दिवस दिवस तोंडातून ब्र नाही. भांडायचं म्हटलं तरी समोरून कुणी बोलावं लागतं ना!

म्हणून माझी नणंद आली आणि म्हणाली, "दादा, तुझ्या बाल्कनीच्या भिंतीवर ऊन छान येतं. खिशांचा मोठा पडदा शिव, खिशाखिशात माती भर आणि कोथिंबीर-पुदिना लाव. माझ्या खानावळीला रोज ताजा पाला लागतो, तुझ्याकडूनच नेईन," तेव्हा मला तिचे पाय धरावेसे वाटले. हो, नणंदेचे! वेळच तशी होती.

ह्यांनी मशीनवरची धूळ पुसली. तंबूचं जाड कापड आणलं. मशीनवर सरळ शिलाई मारताना हात कापडावर दाबलेला असतो, थरथर फारशी जाणवत नाही. बघता बघता वरपासून कठड्यापर्यंत भिंतभर खिसे झाले, थेट कोटाला शोभतील असे. "बटणं तेवढी राहिली," मी म्हटलं. हसले नाहीत, पण "गप गं" म्हणाले. मला तेवढंही चाललं.

कोथिंबीर उगवली, शेपू उगवला, पुदिन्याच्या काड्यांना पानं फुटली. सकाळी चहाचा कप घेऊन हे भिंतीपुढे उभे राहायचे आणि मला हाक मारायचे, "अगं, ये, बघ तरी!" मी हातातलं काम टाकून जायची. मग पानं पिवळी पडायला लागली. ह्यांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी पाणी. मी एका खिशात बोट घालून पाहिलं, तर आत नुसता राडा आणि गटारासारखा वास.

नणंदेला बोलावलं. तिनं खिसा बाहेरून दाबला. "दादा, आत अस्तर लावलंस की काय?"

"रेनकोटचं. वर दुहेरी शिलाई. थेंब गळणार नाही."

"अरे, पण गळायलाच हवं! मुळं कुजताहेत. बुडाशी भोकं पाड."

ह्यांचा चेहरा असा झाला, जणू तिनं कुणाला तरी भोसकायला सांगितलंय. "भोक पडलेला खिसा? माझ्या हातचा? त्यापेक्षा काढून टाका सगळं." आणि गेले आत. भिंतीकडे तोंड.

"वहिनी, चुकलं का गं माझं?" नणंद म्हणाली.

मला भीती वाटली. पाला मेला तर मरू दे, बाजारात ढिगानं मिळतो. पण हा माणूस या खेपेला आत गेला तो पुन्हा बाहेर येईल, असं मला वाटेना. आणि रागही आला, खोटं कशाला बोलू! मशीनवर ह्यांची कापडाची कात्री होती. त्या कात्रीनं मला कधी साधा कागद कापू दिला नव्हता. ती उचलली आणि पहिल्या खिशाच्या बुडाशी घुसवली. काळं पाणी भळाभळा माझ्या पायांवर आलं. मग दुसरा खिसा. मग तिसरा.

कात्रीचा आवाज हा माणूस झोपेतही ओळखेल. धावतच आले. "अगं बये! कापडाची कात्री ती! मातीत घालतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझं नाही. तुमचं असेल तर तुम्ही पाडा भोकं!"

केवढे ओरडले! त्यातच खालच्या मजल्यावरची बाई ओरडायला लागली, कारण तिच्या वाळत घातलेल्या चादरीवर आमचं काळं पाणी गेलं होतं. नणंद तिची समजूत काढत होती. मी आपली ऐकत उभी. लाज सोडून सांगते, इतक्या दिवसांनी ह्यांना समोरून भांडताना ऐकून मला फार बरं वाटत होतं.

ओरडून दमल्यावर ह्यांनी वाकून भोक पाहिलं, बोटानं कडा चाचपली. "असं सोडलं तर फाटत वर जाईल. काजाला करतात तशी कड बांधायला हवी," म्हणाले, आणि सुईदोरा घेऊन बाकावर बसले. पण काज म्हणजे हातकाम. सुई कड सोडून भलतीकडेच जायला लागली. दोनदा बोटात घुसली. नणंदेनं मान वळवली. मी नाही वळवली.

ह्यांनी सुई खाली ठेवली. "नाही जमत गं. हात थांबतच नाही. दुकान त्यासाठीच बंद केलं."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून."

बोटावरचं रक्त पुसलं. वाटलं, आता उठून आत जाणार. तर बाकावर जरा सरकले, मला जागा केली. खिशाची कड डाव्या हातात ताणून धरली आणि सुई माझ्या हातात दिली.

"टाके जवळजवळ घे," म्हणाले. "आणि घाई करू नकोस. मी धरलंय."