सोनकणी माझ्या पोटात होती

मित्रांनो, माझं पोट फार मोठं आहे, हे आधीच सांगून टाकते. पोरं मला बघून हसतात. हसू द्या. कणगीला पोट नसेल तर तिचा उपयोग तरी काय? निरगुडीच्या फोकांनी विणलेली, पुरुषभर उंचीची मी जुनी कणगी. हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या पुढं फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. माझं वय मला विचारू नका. गोजरबाई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा मी त्यांच्या सासरी कोपऱ्यात बसलेलीच होते, आणि आता त्यांना पणतू झालाय. करा हिशेब.

मला आतून-बाहेरून शेणानं आणि पांढऱ्या मातीनं लिंपत. वरच्या तोंडातून ज्वारी ओतायची, खालच्या भोकातून काढायची, भोकाला चिंध्यांचा बोळा. माझं नाक कुठं आहे म्हणाल, तर ती माती हेच माझं नाक. तिच्यातूनच मी श्वास घेते. आतला दाणाही तिच्यातूनच श्वास घेतो.

मग सोयाबीन आलं, पोती आली, आणि मला अडगळीत टाकलं. माझ्या पोटात फुटक्या बादल्या ठेवल्या. एका कोंबडीनं तर दोन वर्षं अंडी घातली. काय करता? आलिया भोगासी असावे सादर म्हणायचं आणि गप बसायचं.

बारा वर्षांपूर्वी गावातल्या बायांच्या गटानं ठरवलं, आपल्या गावाची बियाण्याची बँक काढायची. दुकानातलं बी दरसाल बदलतं, आपलं बी आपल्या हातात असावं. बी निवडण्यात गावात चांगुणाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. दाणा दाताखाली धरून त्या सांगायच्या, उगवेल की नाही. म्हणून बँक त्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवायची ठरली. गोजरबाईंनी मला बैलगाडीत चढवलं. त्यांच्या भावकीतला एकजण कुरकुरला, "आपली कणगी तिकडं काहून?" गोजरबाई म्हणाल्या, "कोंबडीला अंडी घालायला दुसरी जागा बघून देते तुला. चल, गाडीला हात लाव." त्यानं मुकाट्यानं हात लावला.

त्या दिवशी मला पुन्हा लिंपलं. चांगुणाबाईंनी माझ्या पोटात सोनकणी ओतली. थरावर थर, मध्ये गोवऱ्यांची राख आणि कडुनिंबाचा पाला. सोनकणी ही आमच्या मुरमाड रानाची ज्वारी. दाणा पिवळसर, कडबा गोड, दोन पावसांवर येणारी. तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. बँकेचा नियम एकच होता. नेताना पायलीचं माप सपाट भरायचं, परत आणताना शीग लावून, म्हणजे काठाच्या वर रास चढवून. वरची शीग पुढच्या घरासाठी. कागद नाही, सही नाही. बारा वर्षांत कुणी सपाट पायली परत आणली नाही हो! आणली असती तर चांगुणाबाईंनी नुसतं बघितलं असतं, आणि तेवढं पुरलं असतं.

पावसाळ्यात माझं तोंड उघडायचं नाही, ही त्यांची शिस्त. दमट हवा आत शिरते. त्याऐवजी रोज सकाळी त्या माझ्या पोटावर तळहात ठेवायच्या. आत दाणा घामेजला की माती कोमट लागते. एकदा तशी लागली, तर भर श्रावणात तासभर ऊन पडलेलं बघून त्यांनी अख्खी कणगी उपसून वाळवली. सून पल्लवीला त्यांनी हे सगळं शिकवलं. पल्लवी बारावी शिकलेली, गटाची सचिव. पोरगी गुणाची. हे मी आजही म्हणते.

पण एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही. मी तर फुगले होते. पूर्वी घरोघरी उतरंडीतल्या एका मडक्यात थोडं सोनकणीचं बी असायचं. बँक झाली, तसं एकेक मडकं रिकामं झालं. "बँकेत हाये की," असं म्हणत बायांनी घरचं बी दळून खाल्लं. रानात हळद आणि सोयाबीन वाढलं. सोनकणी पेरणारी पाचच घरं उरली. गेल्या साली ऐन काढणीत अवकाळी बरसला आणि चार घरांची कणसं काळी पडली. एकट्या चांगुणाबाईंचं रान वाचलं. ती दोन पोती सोनकणी माझ्या पोटात आली. तेवढीच. अख्ख्या गावाची.

वैशाखात चांगुणाबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, नांदेडला. पुढं चार महिने लेकीकडं परभणीला राहून आराम करायचा होता. जाताना त्या माझ्यापाशी आल्या. पल्लवीला म्हणाल्या, "मला कायबी झालं तरी चालंल. हिला जप. भरल्या कणगीला उपसू नको, पेरणीलाच तोंड उघड."

पल्लवी म्हणाली, "आत्याबाई, तुमी बिनघोर जा."

महिन्याभरात निरोप आला की श्रावणात बाहेरच्या जिल्ह्यांतून पाहुणे आमची बँक बघायला येणार. गावात कोण धांदल! समाजमंदिराला रंग लागला, दारात फरशी बसली. माझं लिंपण जागोजागी उकललेलं होतं. कुणीतरी म्हणालं, शेणामातीची कणगी पाहुण्यांपुढं बरी दिसत नाही, पक्की करून टाका. पल्लवीला वाटलं, आत्याबाई परत येतील तेव्हा त्यांनाही नवल वाटेल. दरवर्षी वाकून लिंपायची त्यांची तकलीफ वाचेल. मित्रांनो, तिच्या मनात याहून दुसरं काही नव्हतं.

गवंडी आला. त्यानं मला जाळी गुंडाळली आणि वरून सिमेंटचा गिलावा केला. "कणगी भरलेली हाय तेच बरं," तो म्हणाला, "आकार बराबर बसतो." जाताना सांगून गेला, "ताई, सात दिस पाणी मारा. न्हाई तं तडे जातील."

पल्लवीनं सात दिवस पाणी मारलं. सकाळ-संध्याकाळ, एकही पाळी न चुकवता. हापशावरून घागरी आणून तिनं मला अंघोळ घातली. पाणी जाळीतून माझ्या मातीत उतरलं, मातीतून फोकांत, फोकांतून दाण्यांत. मी ओरडत होते, अगं बाई, थांब! पण कणगीला तोंड असतं ते ओतण्यापुरतं, बोलण्यापुरतं नाही. आठव्या दिवशी माझ्यावर निळा ऑइलपेंट चढला. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'आपलं बी, आपली शान'. झालं, माझं नाक कायमचं बंद झालं.

नंतर पल्लवी रोज सकाळी यायची. सासूनं शिकवल्याप्रमाणे माझ्या पोटावर तळहात ठेवायची. आत दाणे तापत होते, पण सिमेंट बाहेरून थंडगार. ती समाधानानं हात काढायची. परभणीहून फोन यायचा, "कणगी कशी हाय गं?" पल्लवी हसून सांगायची, "मस्त हाय. तुमी आल्यावर वळखणार न्हाई तिला."

श्रावणात पाहुणे आले. त्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. गोजरबाईंना शाल दिली. माझ्या पोटात तेव्हा बुरशी चढत होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! आयुष्यात इतकी लाज मला कोंबडीनं अंडी घातली तेव्हाही वाटली नव्हती.

भादवा सरता सरता चांगुणाबाई कमरेला पट्टा बांधून, काठी टेकत आल्या. दारातच थबकल्या. मग एवढंच विचारलं, "हिला पाणी मारलं का?"

"सात दिस मारलं, आत्याबाई. एक दिवसबी खाडा न्हाई केला."

चांगुणाबाई खालीच बसल्या. गोजरबाईंनी बोळा ओढला, तर दाणे गळलेच नाहीत. वरून पहार घातली तेव्हा काळपट ढेकळं निघाली. त्यांचा आंबूस वास समाजमंदिरभर पसरला. पल्लवीनं एक ढेकूळ हातात घेतलं आणि ते फोडून सुटा दाणा निघतो का ते बघू लागली. मधल्या थरातला थोडा दाणा बरा दिसत होता. चांगुणाबाईंनी त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. पाच दिवसांनी गोणपाट उलगडलं. दरवर्षी नव्वदावर कोंब यायचे. या वेळी एकही नाही.

मग बाया घरोघर फिरल्या. मडकी, डबे, उतरंडी, सगळं धुंडाळलं. प्रत्येक दारात एकच उत्तर मिळालं, "बँकेत व्हतं की बाई." डोंगरकडा गावातल्या एका घरानं चार वर्षांमागं आमच्याकडून बी नेलं होतं. गोजरबाई या वयात एसटीनं तिथवर जाऊन आल्या. त्या घरची मिराबाई रडवेली होऊन म्हणाली, "आक्का, तुमच्याकडं हाये म्हणूनच तर आमी औंदा सगळं दळलं."

गावात काहीजण पल्लवीला बोलू लागले. चांगुणाबाईंनी त्यांना थांबवलं. "आपलेच दात, आपलेच ओठ. शिकवणारी मी हाय. पाणी काहून मारायचं न्हाई, ते मीच सांगितलं न्हाई. आन् तुमची मडकी तिनं रिकामी केली का?"

मेलेलं बी उकिरड्यावर टाकायला चांगुणाबाईंनी नकार दिला. पल्लवीनं ते टोपलीत भरून त्यांच्या रानात नेलं आणि स्वतः नांगराच्या तासात पेरलं. रोज उजाडलं की ती बांधावर जायची. वाकून, माती बोटांनी सारून बघायची. आठ दिवस गेले, दहा गेले. शेजारचा हरभरा बोटभर आला. बाराव्या दिवशी चांगुणाबाई काठी टेकत तिच्यामागं गेल्या. गोजरबाई सोबत होत्या, त्यांनीच मागाहून सांगितलं. सासू सुनेला म्हणाली, "लेकी, घरी चल. ती आता येत न्हाई." तेव्हा पल्लवी पहिल्यांदा मोठ्यानं रडली. इतके दिवस तिनं ते रडू धरून ठेवलं होतं.

मित्रांनो, सिमेंट अजून माझ्या अंगावर आहे. फोडायला गेलं तर मीही मोडेन, म्हणून तसंच ठेवलंय. मला लिंपा, मला जपा, असं मी म्हणाले असते, पण मला तर सगळ्यांनी जपलंच होतं! माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या गावात सगळ्यांच्या मालकीचं काही असेल, मग ते बी असो, तळं असो की गायरान, तर ते एका जागी ठेवून आणि एका माणसावर सोपवून निर्धास्त होऊ नका. आज तुमच्या गावच्या कणगीपाशी जा. एक ओंजळ बी मागा आणि तुमच्या घरच्या मडक्यात ठेवा. ती हसत देईल.

मी दिली असती. तेव्हा कुणी मागायला आलं नाही, आणि आता माझ्याकडं द्यायला एक दाणा नाही.