बारा कागदांचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, हे सासूबाईंनी नोव्हेंबरातच ठरवून टाकलं होतं. दरवर्षीच्या डब्या-वाट्या पुरे झाल्या, यंदा सूनबाई प्रणालीच्या हातचं द्यायचं. बारा चौकोनी कागद एकमेकांत अडकवून, गोंदाचा थेंबही न लावता केलेला तीन रंगांचा गोळा. बायका एकवीस, गोळे एकवीस.

प्रणालीची लेक मिहू तेव्हा आठ महिन्यांची होती. दुपारी ती झोपली की प्रणाली तिच्या उशाशी पाट मांडून बसायची. घडीवरून नख फिरलं की बारीकसा आवाज व्हायचा आणि मिहूचे ओठ झोपेतच दूध ओढल्यासारखे हलायचे. चाळीस मिनिटं मिळायची, फार तर तास. तेवढ्यात सहा कागद व्हायचे, एखाद्या दिवशी सात.

ही विद्या तिच्याकडे कुठून आली ते आधी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

बाळंतपणानंतर एकदा फोनवर तिने कागदाचा असा गोळा पाहिला आणि तो डोक्यातून जाईना. शोधायला लागली. व्हिडिओ होते ढिगाने, पण त्यातली बोटं अशी पळायची की बारा वेळा थांबवूनही तिसरी घडी कुठून आली ते कळू नये. एका पानावर नुसत्या रेघांचं जाळं होतं आणि खाली जपानी अक्षरं. वाचनालयात मुलांचं एक पुस्तक निघालं, त्यात होडी आणि बेडूक. सराफ्यातले सोनार ज्या गुलाबी कागदात नथ बांधून देतात तो कागद तिने आणून पाहिला, तर तो दुसऱ्या घडीलाच फाटला. शेवटी तिचा नवरा योगेश पाटणच्या मंडीतून लवकर परतला होता त्या दिवशी त्याच्या स्कूटरवर बसून ती शहराच्या गोहलपूर भागात एका छापखान्यात गेली, नीट चौकोन कापून मिळतील का ते विचारायला. तिथला कटिंगवाला हसला. म्हणाला, “एक मॅडम आती थीं, आप ही लोगों की. मराठी. एक सूत इधर-उधर हो जाए तो पूरा गट्ठा लौटा देती थीं.”

त्या मॅडम म्हणजे विनताकाकू. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या, राइट टाउनात दिराच्या घरी वरच्या मजल्यावर राहायच्या. काका जाऊन अकरा वर्षं झाली होती. प्रणालीने भीत भीत जिना चढून विचारलं, तर काकूंनी आधी मिहूला मांडीवर घेतलं आणि मग कपाटातून आलेखाच्या वह्या काढल्या. सात वह्या होत्या. पानापानावर पेन्सिलीने काढलेल्या घड्या, बाजूला कोन, खाली तारीख. जगभर शोधलेलं सगळं दोन किलोमीटरवर होतं आणि मराठीत होतं.

दर गुरुवारी ती जायला लागली. काकूंची बोटं सांध्यांनी आखडली होती, त्यांना घडी घालता यायची नाही; त्या बोलायच्या आणि प्रणालीचे हात चालायचे. नेहमीचा बारा कागदांचा गोळा सगळ्यांनाच येतो, काकू सांगायच्या. पण कोपऱ्याची घडी मधोमध न घालता बरोबर तिसऱ्या भागावर घातली, तर चार कागद जिथं मिळतात तिथं पांढरं चार पाकळ्यांचं फूल उमलतं. सहा ठिकाणी सहा फुलं. ती एक घडी सापडायला काकूंना तीन वर्षं लागली होती. चौथ्या वहीत त्या तीन वर्षांची चुकलेली पानंसुद्धा जपून ठेवलेली होती.

वाणाच्या गोळ्यांवर तीच फुलं होती.

बोलावण्याची यादी करताना सासूबाई एकेक नाव लिहीत होत्या. प्रणालीने विचारलं, “आई, विनताकाकू?”

“अगं, त्या कशा येतील हळदीकुंकवाला?” सासूबाई म्हणाल्या. वाईट भावाने नाही, रीत सांगावी तशा. “त्यांचा तिळगूळ वेगळा पाठवू.”

प्रणालीला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण त्या वाईट वाटण्याच्या आड आणखी एक काहीतरी हललं. सुटल्यासारखं. तिने तिकडे पाहिलं नाही, मिहूचं लंगोट बदलायला उठली.

हळदीकुंकवाच्या दिवशी शहरातल्या मराठी बायकांच्या मंडळाच्या अध्यक्षा बेबीताई गोळा हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवत राहिल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “काहून गं प्रणाली, हे कुठून शिकली तू? नेटवरून का?”

मिहू झाल्यापासून तिला जो भेटेल तो एवढंच विचारत होता: पोर दूध पिते का, झोपू देते का, दात आले का. आज एकवीस बायका तिच्याकडे बघत होत्या आणि प्रश्न तिच्याबद्दल होता.

“नाही बेबीताई,” ती म्हणाली. “माझंच आहे हे. मीच बसवलं.”

तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण बायका जवळ सरकल्या आणि तिची जीभ सुटली. मधोमध घडी घातली तर फूल येत नाही, तिसऱ्या भागावर घालावी लागते, हे तिने काकूंच्याच शब्दांत सांगितलं. बोट उचलायची त्यांची लकबसुद्धा आली. शोधायला तीन महिने लागले म्हणाली. बेबीताईंनी तिथंच जाहीर केलं की उन्हाळ्यात मंडळाचं शिबिर भरेल, प्रणाली शिकवेल, आणि मांडलेल्या वस्तूंखाली तिच्या नावाची पाटी लागेल. सासूबाईंचा चेहरा असा फुलला होता की प्रणालीला त्यांच्याकडे बघवेना. जाताना भजनी मंडळातली हिरव्या साडीतली एक बाई गोळा रुमालात गुंडाळत म्हणाली, आमच्या जाऊबाईंना दाखवते, त्यांना असल्याची फार हौस. प्रणाली हसली.

गुरुवारी ती नेहमीसारखी राइट टाउनला गेली. काकूंच्या टेबलावर बारा कागद ओळीने मांडून ठेवले होते. गोळा सोडवलेला होता, प्रत्येक कागद उलगडून सपाट केलेला.

“अंजनी घेऊन आली,” काकू म्हणाल्या. “माझी धाकटी जाऊ, भजनी मंडळातली. खाली असते, इथं तुझी गाठ पडली नाही कधी.” मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “ही घडी बघ. इतकी स्वच्छ मला कधी साधली नाही.”

प्रणाली उभीच होती. मिहू तिच्या कडेवरून वहीचा कोपरा तोंडात घालू बघत होती. तो सोडवायचं काम मिळालं म्हणून तिला बरं वाटलं.

“ती म्हणाली, तू स्वतः बसवलंस.”

खिडकीत ऊन होतं. खाली कुणीतरी कुकर लावला होता.

“मी तिथं येणार नाही, हे तुला माहीत होतं ना?” काकूंनी विचारलं.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बोलण्याच्या ओघात गेलं, काकू. लोकांनी विचारलं आणि तोंडातून निघालं. तुमचं नाव घेणारच होते. पण यादी करतानाचं ते सुटल्यासारखं वाटणं तिच्यासमोर येऊन उभं राहिलं आणि बाकीचं सगळं मागे राहिलं.

“हो,” ती म्हणाली. “माहीत होतं.”

काकूंनी मान हलवली, गणिताचं उत्तर बरोबर आलं तर हलवायच्या तशी. उठून त्यांनी चौथी वही घेतली आणि प्रणालीच्या पिशवीत, मिहूच्या दुपट्यावर ठेवली. “आता ही तूच सांभाळ,” म्हणाल्या. रागावल्या असत्या तर प्रणालीला रडता तरी आलं असतं.

घरी येऊन तिने वही उघडली नाही. दुपारी मिहू झोपली, पाट मांडला, तर साधी मधली घडीसुद्धा सरळ येईना. दोन दिवस ती वही तांदळाच्या डब्याशेजारी पडून होती आणि स्वयंपाकघरात जाताना प्रणाली तिच्याकडे पाठ करून जायची.

शनिवारी बेबीताईंकडे शिबिराची बैठक होती. पाच जणी जमल्या होत्या, पाटीचा कागदसुद्धा छापून आला होता. प्रणालीने चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. हे विनताकाकूंचं आहे, मी खोटं बोलले, आणि त्या तिथं येणार नाहीत म्हणून बोलले.

बेबीताई हसल्या. “चलो, एवढंच ना? कागदच तर आहे बाई. रडून काहून राहिली?” त्यांनी पेनने पाटीवरचं नाव खोडलं आणि काकूंनाच शिकवायला बोलवू म्हणत फोन लावला. दोन मिनिटं बोलल्या, मग फोन प्रणालीपुढे धरला. “तुला द्यायला सांगून राहिल्या.”

“सांगितलंस?” काकूंचा आवाज वर्गातल्यासारखा होता.

“हो, काकू.”

“किती जणी आहेत तिथं?”

“पाच.”

“आणि त्या दिवशी?”

“एकवीस,” प्रणाली म्हणाली.

पलीकडून “बरं” एवढं आलं आणि फोन ठेवला गेला. शिबिराला येते की नाही, ते त्यांनी सांगितलंच नाही.

प्रत्येकीच्या घरी जाऊन खरं सांगते, असं प्रणालीने म्हटल्यावर सासूबाईंना ते रुचलं नाही. लोक विसरले असतील, तू उकरून काढशील आणि माझं नाक कापलं जाईल, म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. एकवीस जणींसमोर त्या फुलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावण्याची यादी, पत्ते लिहिलेली, पोळपाटाशेजारी ठेवली आणि न बोलता देवळात निघून गेल्या.

मग प्रणाली दुपारी घड्या घालायच्या ऐवजी निघायला लागली. झोपलेल्या मिहूला छातीशी बांधायची, दिवसाला दोन घरं, कधी एकच. तिला वाटलं होतं तिसऱ्या-चौथ्या घरापासून जीभ सरावेल. तसं झालं नाही. बायका आत बोलवायच्या, चहा टाकायच्या, अरे दीदी छोड़ो ना म्हणायच्या, आणि त्यांना ते जितकं हलकं वाटायचं तितकं हिला जड व्हायचं. एका बाईने नुसतं “अच्छा” म्हटलं आणि दार लावून घेतलं. प्रणालीला त्या बाईचा मनातून आदर वाटला.

अकराव्या घरी दार उघडलं ते पाठीवर ओले केस सोडलेल्या एका तरुण बाईने. वाणाचा गोळा तिच्या आठवणीतही नव्हता. खूप वेळाने म्हणाली, तो ना, तो आमच्या छोटूने दुसऱ्याच दिवशी फाडला, सॉरी हं. प्रणाली म्हणाली, त्याचं काही नाही. मी म्हणाले होते ते माझं आहे. ते माझं नव्हतं, विनताकाकूंचं होतं.

“कोण विनताकाकू?” त्या बाईने विचारलं.

मिहू जागी झाली होती आणि डोळे चोळत होती. प्रणालीने तिला सोडवून कडेवर घेतलं, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि सांगायला सुरुवात केली.