अठरावं नख

निवृत्तीने कासऱ्याचा फास जमादारच्या पायांत सरकवला आणि बैल पाडतात तसा एका झटक्यात ओढला. कुत्रं आडवं झालं. त्याच्या फऱ्यावर गुडघा टेकवून निवृत्तीने पुढचा उजवा पंजा पकडला आणि नखकटर दाबला.

नव्या फरशीवर रक्ताचे तीन थेंब पडले. जमादार असा केकाटला की शेजारचा गजेंद्र दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आला. तोवर कुत्रं फासातून निसटून, तीन पायांवर, थेट स्वयंपाकघरात सुनेच्या, सुचिताच्या मागे जाऊन उभं राहिलं होतं.

"थांब बे! बैलं गप पडतात, तुले काय धाड भरली?" निवृत्ती कुत्र्यावर ओरडला.

पिंपळगाव राजापासून वरवट बकालपर्यंत आपण नाल ठोकली नाही असा बैलच नव्हता, असं निवृत्ती सांगे. त्यातल्या दोघांनी म्हणे उठल्यावर मान लववून रामराम केला होता. हे ऐकून कोणी हसलं, तर तो तिसरा बैल वाढवी.

सुनेने पंजा हातात घेऊन हळद दाबून धरली.

"मामाजी, नखात आत जीव असतो. काळ्या नखात तो दिसत नाही."

"मले शिकवतं काय? हजार खुरं तासले म्या!"

दुसऱ्या दिवसापासून सुचिता सकाळच्या उन्हात उंबऱ्याशी बसू लागली. पहिल्या दिवशी तिने नुसते पंजे कुरवाळले. दुसऱ्या दिवशी कटर हवेतच वाजवला आणि ताटलीतलं वाटलेल्या शेंगदाण्याचं बोट चाटवलं. तिसऱ्या दिवसापासून एखाददुसरं नख, तेही फक्त टोकाचा आकडा. जमादारने पाय ओढला की ती सोडून देई.

"असं तर पोळ्यापर्यंत चालन," निवृत्ती पेपराआडून म्हणाला. पेपर कालचा होता.

निवृत्तीच्या खाटेखाली झोपणारा जमादार आता सुनेच्या दाराशी पसरू लागला. निवृत्तीने खामगावहून त्याच्यासाठी पेढा आणला. जमादारने तो हुंगला आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिची परवानगी हवी असल्यासारखं. पेढा निवृत्तीने स्वतःच खाल्ला. चहाच्या टपरीवर त्याने सांगितलं, "सून हुशार हाय. नखं काढाची कला मीच देल्ली तिले."

घरी आल्यावर मात्र तो उंबऱ्याकडे पाठ करून बसला. त्याची बायको गोजरबाई भाजी निवडत होती.

"कुत्र्यावर जळून राह्यले का सुनेवर?"

"कोण जळते? धूर गेला डोयात."

"अवो, सयपाक गॅसवर हाय."

अकराव्या दिवशी सुचिताने कटर पुसला.

"सतरा झाली, मामाजी."

"झालं मंग."

"एक ठेवलंय. पुढच्या उजव्या पायाचं."

निवृत्तीने पेपर खाली घेतला.

"ते काऊन ठेवलं?"

"ते तुमचं आहे."

तिने कटर उंबऱ्यावर ठेवला, ताटली शेजारी सरकवली आणि ती वीतभर बाजूला झाली.

खुंटीवर कासरा होता. निवृत्तीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो तसाच राहू दिला. गुडघे कुरकुरवत तो खाली बसला, तळहात उताणा धरला. जमादारने आधी सुचिताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. निवृत्ती दुसरीकडे बघत राहिला, पण हात हलवला नाही. मग तळव्यावर पंजा आला, हलकासा, केव्हाही परत घेता येईल असा.

कालच्या पेपराआडून दहा दिवस पाहिलेलं त्याच्या बोटांना पाठ होतं. त्याने बोट अलगद दाबून नख पुढे आणलं, उन्हाकडे वळवलं, कटर टेकवला.

आणि हात थांबला.

"किती काढू, सूनबाई?"

आत गोजरबाईच्या भाकरी थापण्याचा आवाज एकदम बंद झाला.